पहिला बेस: नवा की जुना, लांब की आखूड?

फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूला बेस गिटार शिकू पाहणारा मुलगा बहुधा दोनपैकी एका वाटेने आलेला असतो. एक तर भजनात तबला वाजवून हात लयीत बसलेला असतो आणि गावच्या ऑर्केस्ट्रातला बेसवाला नोकरीनिमित्त बाहेर गेलेला असतो. नाहीतर गिटारचे चार कॉर्ड येत असतात, पण ग्रुपमध्ये गिटारवाले आधीच तीन असतात. दोघेही विचारतात एकच, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" माझ्या मते हे सगळ्यात शेवटी विचारायचं. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास स्क्वायर, यामाहा, आयबानेझ, कोर्ट यांतला कुठलाही बेस शिकायला पुरतो. निर्णय अडतो तो हाताच्या मापावर, गोव्याच्या हवेवर आणि शेजाऱ्यांवर.

हातापासून सुरुवात करू. बेसची लांबी मोजतात ती नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा अंगावर टेकतात तो आधार), म्हणजे मोकळी तार जेवढी थरथरते तेवढी. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हा ही लांबी 34 इंच होती आणि आजही बहुतेक बेस तेवढेच असतात. शॉर्ट स्केल म्हणतात तो साधारण 30 इंचांचा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या हातात दिसणारा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर याच मापाचा. चार इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिल्या फ्रेटपासून (मानेवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्यापर्यंतचं अंतर 34 इंचीवर जवळपास 13 सेंटिमीटर भरतं आणि 30 इंचीवर साडेअकरा. करंगळी ताणलेली असताना हा दीड सेंटिमीटर चांगलाच जाणवतो.

म्हणून दुकानात वाजवून पाहताना वरच्या फ्रेटवर झरझर बोटं फिरवून उपयोग नाही. तिथे सगळेच बेस सोपे लागतात. पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवा, चौथ्यावर करंगळी, आणि जाड तारेवर दोन मिनिटं सावकाश वाजवा. मनगट दुखायला लागलं तरी लगेच हार मानू नका, आधी बोटांची पद्धत बदलून बघा. डबल बेसवाल्यांची जुनी रीत अशी, की खालच्या सुरांत चार बोटं चार फ्रेटवर ताणायचीच नाहीत. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी अशा तिघांत तीनच फ्रेट घ्यायचे, अनामिका करंगळीच्या आधाराला, आणि पुढचा सूर हवा तेव्हा अख्खा हात सरकवायचा. या पद्धतीने बऱ्याच जणांना 34 इंची झेपतो. तरीही ताण येत असेल, किंवा शिकणारा बारा-तेरा वर्षांचा असेल, तर शॉर्ट स्केल खुशाल घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आखूड बेसची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. तारेचा ताण कमी पडतो, त्यामुळे सगळ्यात जाड, म्हणजे ई तार जरा ढिली बोलते. स्क्वायरचा ब्रॉन्को 30 इंची आहे, त्यावर हे चालून जातं. आयबानेझचा मायक्रो तर 28.6 इंचांचा, मुलांसाठी झकास, पण मोठ्या माणसाने तो केवळ स्कूटरवर न्यायला सोपा म्हणून घेऊ नये. शिवाय शॉर्ट स्केलच्या तारांचा सेट वेगळा मिळतो. लांब सेट कापून बसवला तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार तिथेच उसवते. जवळच्या दुकानात शॉर्ट सेट नसेल तर ऑनलाइन मागवा आणि एक जास्तीचा घरात ठेवा.

पिकअपच्या, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकाच्या बाबतीत जाहिरातींनी उगाच गोंधळ घातला आहे. प्रिसिजनचा दुभंगलेला एकच पिकअप भरदार, ठाम आवाज देतो. बटणं दोन, एक व्हॉल्यूम, एक टोन. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन पिकअप, मान नटपाशी अरुंद आणि आवाज जरा नाकातला, पण स्पष्ट. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड आणि ड्रम्सच्या गर्दीत, म्हणजे तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडमध्ये किंवा लग्नाच्या रिसेप्शनला वाजवायचं असेल, तर मी प्रिसिजनकडे झुकेन. छोट्या हातांना जॅझची मान बरी पडते. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर पीजे जोडी, म्हणजे एक प्रिसिजनचा आणि एक जॅझचा पिकअप असलेला बेस बघा. यामाहाचा टीआरबीएक्स 174 तसा आहे: 34 इंची, 24 फ्रेट, पॅसिव्ह.

हा 'पॅसिव्ह', म्हणजे सेल न लागणारा, शब्द लक्षात ठेवा. ॲक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टचा सेल असतो. जॅक लावून ठेवला की तो हळूहळू संपतो, आणि बऱ्याच मॉडेलांत सेल संपला की आवाज फाटतो किंवा बंदच होतो. जत्रेच्या नाटकात नांदीच्या वेळी हे घडलं तर रात्री दहा वाजता सेल कुठून आणणार? पहिला बेस पॅसिव्हच घ्यावा. आणि पाच तारांचा तर नकोच. चार तारांवर नको तो सूर दाबून ठेवायला शिकेपर्यंत पाचवी तार नुसती घुमत राहते.

आता नवा की जुना. पुण्या-मुंबईत असतो तर मी डोळे झाकून जुना घ्या म्हटलं असतं. बेस लाकडाचा आणि साधा; नीट वापरला तर पंधरा-वीस वर्षांत त्याचं फारसं काही बिघडत नाही, आणि नव्याच्या निम्म्या पैशात वरच्या दर्जाचा हाती लागतो. गोव्यातही जुने बेस मिळतात. पर्यटनाचा हंगाम सरला, हॉटेलांतलं वाजवणं थांबलं, की काही जण वाद्य विकायला काढतात. पण तो बेस किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये चार हंगाम वाजलेला असेल तर खारी हवा त्याच्या अंगात मुरलेली असते, आणि ती फोटोत दिसत नाही.

म्हणून बघायला जाताना खिशात एलन कीचा लहान सेट न्या. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक सॅडल असतो आणि त्याची उंची ठरवणारे दोन बारीक स्क्रू असतात. ते गंजून तांबडे झाले असतील आणि की आतल्या आत घसरत असेल, तर तारांची उंची कधीच नीट बसणार नाही. ब्रिज बदलण्याचा खर्च किमतीतून कापून मागा. मग ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी धातूची कांब. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघा. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक. खूप जास्त असेल किंवा फटच नसेल, तर मालकाच्या परवानगीने ट्रस रॉडचा नट पाव फेरा फिरवून बघा. तो हललाच नाही, तर बेस कितीही देखणा असो, नमस्कार करून बाहेर पडा. यानंतर ॲम्प लावून सगळी बटणं फिरवा. थोडी खरखर आली तर घाबरू नका, साफ करता येते. जॅक हलवल्यावर आवाज जात-येत असेल तर तोही दोष डाग देऊन (सोल्डरिंगने) सुटतो. शेवटी चारही तारांवर एकेक फ्रेट सावकाश दाबत जा. कुठे तार बझ मारते, कुठे सूर मरतो, ते ऐका.

एवढं तपासायला सोबत जाणकार नसेल तर नवाच घ्या, वॉरंटी असलेला. मात्र नवा बेस खोक्यातून काढला की तो वाजवायला तयार असतो, हा समज चुकीचा. तारा उंच असतात, मान थोडी वाकलेली असते. सेटअपसाठी (तारांची उंची आणि मान जुळवून घेण्यासाठी) आणि चांगल्या तारांसाठी पैसे आधीच बाजूला ठेवा. बावीस हजारांचा, सेटअप केलेला बेस तीस हजारांच्या कच्च्या बेसपेक्षा बोटांना सुखाचा जातो.

पावसाळ्यात नव्या-जुन्या दोघांचीही परीक्षा सारखीच. दमट हवेत मान हलते. जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरनंतर सेटअप तपासावा लागतो. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. गिगबॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा. कोटिंगच्या तारा महाग असतात, पण इथल्या हवेत जास्त टिकतात. फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट पट्टीने गुंडाळलेल्या तारा हा दुसरा पर्याय: आवाज गोल, जुन्या वळणाचा, बोटांना मऊ. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन त्याच वापरायचा आणि क्वचितच बदलायचा. जुनी कोंकणी कांतारां (गाणी) किंवा मराठी भावगीतं वाजवणार असाल तर मी याच सुचवेन.

ॲम्पपाशी शेजारी येतात. बेसची ई तार 41 हर्ट्झवर थरथरते. एवढ्या खालचा सूर भिंती आणि स्लॅब सहज ओलांडतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर छोटा ॲम्प कमी आवाजात लावूनही खालच्या मजल्यावरचे काका वर येणार. हेडफोन ॲम्प, उदाहरणार्थ व्हॉक्सचा ॲमप्लग, थेट बेसच्या जॅकमध्ये बसतो, पेन्सिल सेलवर चालतो, आणि पावसात वीज गेली तरी रियाझ थांबत नाही. हेडफोन वायरचेच घ्या; ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि लय बिघडते. अंगण असलेलं घर असेल तर फेंडर रम्बल 25 सारखा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घ्या, त्यालाही हेडफोनची सोय आहे. साध्या गिटार ॲम्पमध्ये बेस जोरात वाजवू नका, स्पीकर फाटतो. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याच्याच स्पीकरवर ऐकलं तर खालचे सूर जवळजवळ गायबच होतात; आपल्याला जमत नाही असं वाटून खचू नका.

शिकायचं कुठे? व्हिडिओ आणि टॅब (फ्रेटचे आकडे लिहिलेली नोंद) बघून पहिले दोन-तीन महिने मजेत जातात. पण गोव्यात स्टाफ नोटेशन शिकण्याचा फायदा रोख आहे, कारण इथले जुने बँडवाले तालमीत कागद पुढे ठेवतात आणि लगेच मोजणी सुरू करतात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळतं. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षांत बेसच्या वेगळ्या ग्रेड आहेत. तबल्यातून आलेल्यांनी दादरा पक्का करून मांडो आणि दुलपद या गोव्याच्या नाचगाण्यांकडे वळावं, सहाच्या हिशेबाची सवय तिथे कामी येते. रियाझ रोज वीस मिनिटांचा असला तरी चालेल, पण मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. तानपुऱ्याचं ॲप लावून त्यावर स्केल (सुरांची चढती-उतरती ओळ) वाजवली तर कान लवकर तयार होतो.

पैसे जमायचे असतील तर तोवर कोणाची तरी साधी गिटार मागून आणा. तिच्या जाड चार तारा बेसच्याच क्रमाने लावलेल्या असतात, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक वर. फ्रेटवरचे सूर आणि बोटांची आळीपाळी तिच्यावर आजपासून घोटता येते.