पाटी एक, लिहिणारे चार: नव्या लॅपटॉपवर डिस्प्लेकॅल

फोटोतली मांजर करडी आहे. निळसर नाही, हिरवट तर मुळीच नाही. सिमेंटच्या कट्ट्यावर बसलेली साधी करडी मांजर. मी छपाईसाठी फोटो तयार करते, आणि मॉनिटर बदलला, कागद बदलला की सगळ्यात आधी हीच फाइल उघडते. नवा लॅपटॉप माझ्या जुन्याच मॉनिटरला जोडला, मांजर उघडली, तर पोटाखालच्या सावलीत शेवाळ धरलेलं. डिस्प्लेकॅल या पडद्याचे रंग जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत मी पोचले ती या शेवाळामुळे.

लॅपटॉप भाच्याने लावून दिला होता. त्याला बोलावून दाखवलं. "मावशी, मला तर मांजर मांजरासारखीच दिसतेय. तू एकदा डोळे तपासून घे." मग मी छापील प्रत पडद्याशेजारी धरली. तेव्हा खुर्ची ओढून बसला.

मॉनिटर मी आदल्याच दिवशी कॅलिब्रेट केला होता, म्हणजे पडद्यावरचे रंग मोजणारं छोटं यंत्र लावून ते जुळवून घेतले होते, यंत्रासोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरने. पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, मधल्या छटांचा गॅमा 2.2, उजेड चौरस मीटरला 120 कँडेला, नेहमीचंच. काम संपल्यावर मांजर अगदी जागच्या जागी. बिघडलं ते रीस्टार्टनंतर. लॉगिन केल्यावर चार-पाच सेकंद रंग बरोबर, आणि मग डोळ्यांदेखत पडदा एक झोका खाऊन हिरवा. तो झोका दिसला नसता तर मी यंत्रालाच दोष देत बसले असते.

हा झोका कशाचा, ते कळायला प्रोफाइलच्या आत डोकवावं लागतं. आयसीसी प्रोफाइल, म्हणजे कॅलिब्रेशनमधून तयार होणारी रंगांची नोंद, ही एकच फाइल असली तरी तिच्यात कामं दोन असतात. एक म्हणजे मॉनिटरचं वर्णन: याचा लाल किती लाल, हिरवा किती हिरवा. ते फोटोशॉपसारखी रंग सांभाळणारी सॉफ्टवेअर वाचतात, बाकीच्यांना त्याची गंधवार्ता नसते. दुसरं म्हणजे दुरुस्तीच्या वक्ररेषा, ज्या लॉगिनच्या वेळी एक छोटा प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्यात भरतो. त्या छोट्या प्रोग्रॅमला लोडर म्हणतात. आणि मेख अशी की प्रत्येक पडद्यामागे तक्ता एकच. शाळेतल्या पाटीसारखा. शेवटी जो लिहील त्याचं अक्षर राहतं, आधीच्याचं पुसलं जातं, आणि कोणी कोणाला विचारत नाही.

यावरून एक सोपी परीक्षा हाती लागते. डेस्कटॉपवरचा साधा करडा रंगसुद्धा बिघडलेला दिसत असेल तर पाटीवर भलतंच कोणी लिहिलंय. करडा ठीक आहे, पण फक्त काही प्रोग्रॅममध्येच लाल रंग भडक येतोय, तर ते भांडण नव्हे. तुमचा मॉनिटर जास्त रंग दाखवणारा आहे आणि तो प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाही, एवढंच. मी सुरुवातीला या दोन्हींची खिचडी केली आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली.

डिस्प्लेकॅलकडे वळले ती इथे. फ्लोरियान हॉख यांनी लिहिलेलं हे मोफत सॉफ्टवेअर, आणि त्याच्या पोटात मोजणीचं काम करतं ते ग्रॅम गिल यांचं आर्गिल. मूळ आवृत्ती 2019 नंतर पुढे सरकली नाही. ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीवर, पायथन 2 वर होती, आता इतर मंडळींनी ती पायथन 3 वर आणून चालू ठेवली आहे. माझ्याकडे ही नवी आहे.

बसवताना मात्र मी घाई केली. यंत्रासाठी आर्गिलचा यूएसबी ड्रायव्हर टाकायचा का, असं विचारलं गेलं आणि मी न वाचता 'हो' म्हटलं. डिस्प्लेकॅलला यंत्र दिसलं, छान. पण यंत्रासोबतचं मूळ सॉफ्टवेअर उघडलं तर "उपकरण सापडले नाही". केबल बदलली, पोर्ट बदलले, पुन्हा इन्स्टॉल केलं. यंत्राच्या कंपनीला लिहिलं, तर दोन दिवसांनी उत्तर आलं: केबल बदलून पाहा. शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडला तर यंत्र नेहमीच्या जागी नव्हतंच, आर्गिलच्या नावाच्या वेगळ्या गटात जाऊन बसलं होतं. यंत्र एक आणि ड्रायव्हर एकच, त्यामुळे एकाला दिसलं की दुसऱ्याला दिसत नाही. ड्रायव्हर मागे घेतला, म्हणजे तिथलं 'रोल बॅक' दाबलं, की मूळ सॉफ्टवेअरला पुन्हा सापडतं. सगळ्या यंत्रांना हा ड्रायव्हर लागत नाही. काही यंत्रं माऊस-कीबोर्डसारखी सरळ ओळखली जातात आणि दोन्हीकडे चालतात. तुमचं कुठलं, ते बघूनच 'हो' म्हणा.

आता हिरव्या झोक्याचा गुन्हेगार. डिस्प्लेकॅलचा लोडर खाली उजव्या कोपऱ्यात बसून पाटीवर नजर ठेवतो. कोणी पुसलं की दोन-चार सेकंदांत आपलं पुन्हा लिहितो. तो चालू केला आणि पडदा चक्क श्वास घ्यायला लागला. करडा, हिरवट, करडा, हिरवट. म्हणजे समोरचाही तितकाच हट्टी. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी उघडून एकेक नाव बंद करत रीस्टार्ट करत गेलो. भाच्याला यात भलताच रस आला होता, वहीत टिपणं काढत होता. यंत्राच्या सॉफ्टवेअरचा लोडर बंद केला: झोका कायम. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये, 'अ‍ॅडव्हान्स्ड' मधून आत गेलं की विंडोजने स्वतः कॅलिब्रेशन लावावं अशी एक टिक असते. ती मीच कधीतरी केलेली. काढली: तरी कायम. तिसऱ्या फेरीत सापडलं. लॅपटॉपसोबतच आलेलं, 'रंग खुलवणारं' एक अ‍ॅप. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ते प्रत्येक पडद्याला आपला 'जिवंत' रंग देत होतं, बाहेरच्या मॉनिटरलाही. ते बंद केलं आणि मांजर करडी झाली.

पण पूर्ण नाही. सावलीतला हिरवा गेला, उजेडात पिवळट छटा राहिली. हा घोळ माझा. डिस्प्लेकॅलची मोजणी सुरू केली होती संध्याकाळी, आणि विंडोजची नाईट लाईट, म्हणजे पडदा पिवळसर करणारी सोय, मी सूर्यास्ताला आपोआप चालू होईल अशी लावून ठेवलेली. मोजणीसाठी पडद्यावर एकेक करून येणारे रंगांचे अर्धे ठोकळे पांढऱ्या उजेडात मोजले गेले, अर्धे पिवळ्या. यंत्राने जे दिसलं ते इमानेइतबारे लिहून घेतलं. असं प्रोफाइल दुरुस्त होत नाही, पुन्हा मोजावंच लागतं. म्हणून आता मोजणीआधी नाईट लाईट बंद, एचडीआर (पडद्याचा जादा उजेडाचा मोड) बंद, मॉनिटर अर्धा तास तापलेला, आणि लॅपटॉप चार्जरवर. बॅटरीवर असताना काही लॅपटॉपांत ग्राफिक्स ड्रायव्हर वीज वाचवायला लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड चित्रानुसार कमी-जास्त करतो, त्यामुळे तोही पडदा मोजायचा असेल तर वायर लावलेलीच बरी. आणि हो, एकदा मी मॉनिटरचं प्रोफाइल लॅपटॉपच्या पडद्याला चिकटवलं होतं, कारण दोन पडद्यांचे क्रमांक उलटे धरले. डिस्प्ले सेटिंगमधलं 'आयडेंटिफाय' दाबून आकडे बघायला दोन सेकंद लागतात.

डिस्प्लेकॅलबद्दल तक्रार एकच: पर्यायांचं जंगल. पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाम फुटतो. पण त्यातला एक पर्याय चुकवू नका, तो म्हणजे मॉनिटरच्या बॅकलाईटला जुळणारी दुरुस्ती. पांढरा एलईडी आणि जास्त रंगांचा एलईडी यांचा प्रकाश वेगळा असतो आणि रंगीत फिल्टरांतून मोजणाऱ्या स्वस्त-महाग कुठल्याही यंत्राला हे सांगावं लागतं. ते चुकीचं निवडलं तर सगळे आकडे छान येतात आणि पांढऱ्यावर मात्र भलतीच छटा दिसू शकते. मोजणीला वेळही बराच लागतो. माझं काम तासाभराचं झालं.

मोबदल्यात मिळतो तो तपासणीचा अहवाल. कुठला रंग किती चुकला ते एकेका ठोकळ्यासमोर लिहिलेलं. रंगातला फरक मोजायच्या 'डेल्टा ई' या मापात माझी सरासरी चूक एकाच्या आत आली. मूळ सॉफ्टवेअरने मला नुसतीच हिरवी खूण दाखवली होती.

पाचपैकी चार तारे देते. सध्या पाटीवर एकटा डिस्प्लेकॅलचा लोडर लिहितो, बाकी तिघे यादीत आहेत पण बंद. भाच्याच्या लॅपटॉपवर ते रंग खुलवणारं अ‍ॅप अजून चालू आहे. त्याला ते आवडतं म्हणे.