कुकर मोफत मिळाला, मेंबरशिप एक लाख वीस हजाराला पडली

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही कोल्हापुरात एका प्रदर्शनाला गेलो होतो. बाहेर पडायच्या वाटेवर काचेची पेटी ठेवलेली, शेजारी टाय लावलेली दोन पोरं. "वहिनी, फुकट आहे, चिठ्ठी भरा फक्त." नाव, मोबाईल नंबर, पती-पत्नी दोघांची नोकरी, चारचाकी आहे का, क्रेडिट कार्ड आहे का. लकी ड्रॉला चारचाकी कशाला विचारतात, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

चार दिवसांनी फोन. तुमचा नंबर लागला, तीन दिवस दोन रात्रींचं रिसॉर्टचं कूपन आणि तीन लिटरचा कुकर. रविवारी अकरा वाजता हायवेलगतच्या हॉटेलात या, पण जोडीनंच. एकट्याला कूपन मिळणार नाही. जोडीनं का, तर घरी जाऊन विचारून सांगतो, असं म्हणायला जागा राहू नये म्हणून. हे आता कळतं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. यांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप, दोन लेथ आहेत. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. आमच्या सुट्ट्या म्हणजे जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ, नाहीतर संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. सगळे मिळून कुठं चार दिवस राहिलोय, असं कधी झालं नव्हतं. त्यामुळं त्या हॉलमध्ये पडद्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, झिपलाइन, रेन डान्स, रात्रीचा जादूचा खेळ दिसायला लागल्यावर मुलांच्याआधी माझाच जीव त्यात अडकला.

हॉलमध्ये वीसेक टेबलं आणि गाणी इतकी मोठ्यानं की नवरा-बायकोला आपसात बोलता येऊ नये. मुलांना दुसऱ्या कोपऱ्यात रंगीत बॉलच्या हौदात सोडलेलं. दीड तासानं आम्ही उठायला लागलो तर म्हणाले, "बसा की दादा, मुलं खेळतायत." दर दहा मिनिटांनी कुणीतरी माइकवर ओरडायचं, "इचलकरंजीच्या फॅमिलीचं स्वागत करूया!" की सगळीकडून टाळ्या. त्यातली किती कुटुंबं खरी होती, देव जाणे.

आमच्या टेबलावरचा मुलगा गोड बोलायचा. विकत होता रिसॉर्टची मेंबरशिप, पंचवीस वर्षं, दरवर्षी सहा रात्री राहायची. इंग्लंडचा फोटो दाखवला. १९३६ साली बिली बटलिन यांनी स्केगनेसला हॉलिडे कॅम्प काढला, 'आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी' अशी त्यांची जाहिरात होती, आम्ही तेच भारतात आणतोय, म्हणाला. नंतर मी वाचलं, तर माहिती खरी निघाली. पण तिथं कुटुंब एका आठवड्याचे पैसे भरायचं आणि त्याच आठवड्यात राहणं, जेवण, करमणूक सगळं मिळायचं. पंचवीस वर्षांचे पैसे कुणी आधी घेतले नव्हते. खरं उदाहरण दाखवून त्याच्या आडून भलतंच विकायचं, ही त्यांची रीत.

भाव सुरू झाला ३,२०,००० वर. हे नको म्हणाले की तो 'मॅनेजर सरां'कडे जायचा आणि कमी करून यायचा. आधी १,८५,०००, शेवटी १,२०,०००. "पण दादा, हा भाव आजच. या दारातून बाहेर पडलात की संपला." मी विचारलं, दिवाळीत आणि मे महिन्यात मिळेल ना, शाळेमुळं मला तेव्हाच सुट्टी असते. "वहिनी, पंधरा दिवस आधी फोन करा, रूम तुमची." झिपलाइनचे वेगळे पैसे? "मेंबरला सगळं फ्री." माझी भिशी नुकतीच लागली होती. त्यातले २५,००० मी कार्डानं तिथंच भरले. उरलेल्या ९५,००० चं फायनान्स त्यांनी टेबलावरच करून दिलं, महिना ४,५०० चे चोवीस हप्ते.

करार चौदा पानी इंग्रजीत. प्रत्येक पानावर सही करायच्या जागी पिवळी चिकटपट्टी लावून ठेवलेली. तो पान उलटत होता, आम्ही सही करत होतो, आणि त्याचा अंगठा नेमका मजकुरावर. रोज दुसरीच्या पोरांना नीट वाचून मग लिहा म्हणून सांगणारी मी, त्यातलं एक पान वाचलं नाही.

मे महिन्यासाठी मार्चमध्ये फोन केला. रूम नाही. पुढच्या आठवड्यात? नाही. तेव्हा रात्री कपाटातून करार काढला आणि शब्दकोश घेऊन बसले. आमची मेंबरशिप 'रेग्युलर' गटातली. दिवाळी, नाताळ, मे महिना, शनिवार-रविवार आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्या या गटाला बंद. बाकीचे दिवस उपलब्धतेनुसार. रूम मिळाली नाही तर कंपनी जबाबदार नाही. वार्षिक देखभाल शुल्क ९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२०, राहायला जा अगर न जा. भरलेली रक्कम कोणत्याही कारणानं परत नाही. आणि एका ओळीत असंही, की प्रतिनिधीनं तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. विकत घेतलं होतं ते सगळं तोंडीच होतं.

यांनी वर्कशॉपच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. हप्त्यांसकट १,३३,०००, भागिले पंचवीस, वर्षाला ५,३२०. त्यात १०,६२०. झाले १५,९४०, तेही सहा रात्रींसाठी. म्हणजे रात्रीला २,६५० च्या वर, जेवण वेगळं. त्याच ठिकाणची तीच कॉटेज आडदिवशी कुणालाही २,४०० ला मिळत होती.

तरी मुलांनी बॅगा भरून ठेवल्या होत्या, म्हणून ऑगस्टमध्ये मी रजा टाकली आणि गेलो. धो धो पाऊस. पावसामुळं झिपलाइन बंद, जादूचा खेळ फक्त शनिवारी, बाकी प्रत्येक खेळाला ३५० रुपयांचा हातातला पट्टा. घसरगुंडीच्या तलावाला जाळी लावलेली होती. माझा मुलगा त्या जाळीत बोटं अडकवून बराच वेळ आत बघत उभा राहिला. हट्ट केला नाही की रडला नाही. त्याला तिथून हाताला धरून आणताना मला जे झालं, त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

परत आल्यावर पैसे परत मागितले, नकार आला. फायनान्सवाले म्हणाले, कर्ज वेगळं, मेंबरशिप वेगळी, हप्ता चुकवू नका.

नोव्हेंबरमध्ये एक फोन आला. तुमची मेंबरशिप विकून देतो, पार्टी तयार आहे, १,४०,००० मिळतील. आमचा मेंबर नंबर, कराराची तारीख सगळं त्याला तोंडपाठ. फाईल चार्ज म्हणून ८,५०० मागितले, मी यूपीआयनं पाठवले. दोन दिवसांनी 'विक्रीच्या रकमेवरचा जीएसटी आधी भरा' म्हणाला, तेव्हा हे ओरडले, "अगं, पैसे आपल्याला यायचेत, तर आपण कशाला भरायचे?" लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार केली. पण दोन दिवसांत रक्कम पुढच्या खात्यांतून फिरून गेली होती. १९३० ला पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे मध्येच गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. ज्याला एकदा फसवलंय त्यालाच 'सोडवतो' म्हणून दुसरा फोन येतो, तेव्हा अशा मेंबरांनी विशेष सावध राहा.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर बोलल्यावर मला धीर आला. करारात लिहिलं होतं की वाद फक्त त्यांच्या शहरातल्या कोर्टात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. व्हॉट्सॲपवर त्या मुलानं पाठवलेला 'एव्हरीथिंग फ्री फॉर मेंबर्स' असा मेसेज मी पुसला नव्हता. आज माझ्याकडे सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. म्हणून सांगते, असं काही घेत असाल तर प्रत्येक गोष्ट मेसेजवर लिहून मागा, आणि करार सही न करता एक रात्र घरी न्यायला मागा. ते देणार नाहीत. तिथंच उठा, मुलांना बॉलमधून काढा आणि कुकर तिथंच ठेवून या.

युरोपीय संघात टाइमशेअरचा, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस राहायच्या आमच्यासारख्या मेंबरशिपचा, करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी तसा वेगळा कायदा नाही. काही कंपन्या स्वतःहून रद्द करायला थोडे दिवस देतात. कुणी याच आठवड्यात सही केली असेल, तर करारात तेवढं कलम आत्ता शोधा आणि ईमेल व स्पीड पोस्ट दोन्हीनं कळवा.

आमची तक्रार इथल्या जिल्हा आयोगात दाखल झाली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. हप्ता दर पाच तारखेला जातो. अजून अकरा राहिलेत.