महाखंडाचं लाकडी कोडं: वर्गात वापरून लिहिलेला अभिप्राय

आठवी-नववीच्या मुलांना खंडवहन, म्हणजे खंड एकेकाळी एकत्र होते आणि हळूहळू सरकत दूर गेले हे, शिकवायचं असेल तर हा संच जरूर घ्या. फक्त वर्गात नेण्याआधी भारताचा तुकडा स्वतःच्या हाताने दुरुस्त करा. बर्डीवरच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मला तो साडेआठशे रुपयांना मिळाला. मी नागपुरात भूगोल शिकवते, त्यामुळे हा अभिप्राय शिक्षकाच्या नजरेतून आहे. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा असेल तर त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

खोक्यात पत्र्याचा एक पट, त्यावर अंथरायचे चार नकाशे (25 कोटी, 15 कोटी, 7 कोटी वर्षांपूर्वीचा आणि आजचा) आणि खाली चुंबक लावलेले खंडांचे लाकडी तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याची एक बाजू साध्या रंगाची. दुसऱ्या बाजूवर जीवाश्मांचे पट्टे छापलेत: हिरवा ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचा, निळा मेसोसॉरसचा आणि तपकिरी लिस्ट्रोसॉरसचा, हे दोन्ही नामशेष प्राणी. या दोन बाजूंसाठीच मी संचाला चांगले गुण देते.

याचं कारण असं की खंडांचे किनारे जुळतात हे खंडवहनाचा सिद्धान्त मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरच्या आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं. 6 जानेवारी 1912 रोजी फ्रँकफुर्टच्या सभेत आणि पुढे 1915 च्या पुस्तकात त्याने जे मांडलं ते याहून फार मोठं होतं. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जोडायचे आणि मग छापलेल्या ओळी इकडून तिकडे सलग वाचता येतात का ते तपासायचं, असं तोच म्हणतो. संचाची साधी बाजू म्हणजे कागदाची कड आणि मागची बाजू म्हणजे छापलेल्या ओळी. मी मुलांना आधी साध्या बाजूने महाखंड जोडायला लावते, मग एकेक तुकडा जागच्या जागी उलटवायला सांगते. ब्राझीलमधला निळा पट्टा दक्षिण आफ्रिकेत शिरतो तेव्हा मेसोसॉरसबद्दल वेगळं भाषण द्यावं लागत नाही. फूट-दीड फूट, फार तर मीटरभर लांबीचा, पाण्यात राहणारा हा सरपटणारा प्राणी. त्याने अख्खा अटलांटिक पोहून पार केला असेल का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.

साध्या बाजूची अडचण मात्र पहिल्या पाच मिनिटांतच समोर येते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये बोटभर फट राहते आणि नायजरच्या मुखापाशी तुकडा अडतो. "मॅडम, हे बसूनच नाही राहिलं, कापतानाच चुकले हे लोक," असं पहिल्या बाकावरचा पोट्टा म्हणाला. त्याचा मुद्दा बरोबर आहे. कंपनीने तुकडे आजच्या किनाऱ्यावरून कापलेत, पण खंडाची खरी कड पाण्याखाली, खंडान्त उतारावर, म्हणजे उथळ तळ संपून समुद्र एकदम खोल होतो तिथे, असते. 1965 मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी संगणकाने हे दोन खंड जोडून पाहिले ते सुमारे 900 मीटर खोलीच्या रेषेवर, आणि तिथे ते फार सुरेख बसले. नायजरचा त्रिभुज प्रदेश तर नदीने खंड वेगळे झाल्यावर गाळ टाकून तयार केलाय, तो आड येणारच. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. हे सांगणारं कुणी शेजारी नसेल तर मूल असंच समजेल की सिद्धान्तच ढिला आहे.

पुस्तिकेबद्दल आणखी एक. ती हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. नागपुरात ते चालून जातं. पण वेगेनरकडे पुरावा नव्हता म्हणून लोकांनी त्याला नाकारलं, हे तिच्यातलं वाक्य मी खोडून टाकलं. पुरावा त्याच्याकडे भरपूर होता. खंड कशाच्या जोरावर सरकतात हे त्याला पटण्यासारखं सांगता आलं नाही, त्याने सुचवलेली बलं फार क्षीण निघाली. 1930 साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला. प्रावरणातल्या, म्हणजे भूकवचाखालच्या थरातल्या, अभिसरण प्रवाहांनी खंड सरकतात ही भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सची कल्पना त्याच सुमारास मांडली जात होती, पण सागरतळ पसरतोय हे हेसने मांडायला आणि व्हाइन-मॅथ्यूज यांनी तळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून पारखायला 1962-63 उजाडलं. पुरावा असणं आणि कारण सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौदा वर्षांच्या मुलाला हे कळायलाच हवं.

आता भारताचा तुकडा. इथे मला खरंच वाईट वाटलं. हिरवा पट्टा पार दक्षिणेत, तमिळनाडूच्या आसपास नेऊन ठेवलाय. गोदावरी, वर्धा, दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतला कोळसा ज्या जंगलांचा बनला त्यांत ग्लॉसोप्टेरिसच मुख्य होतं. म्हणजे आमच्या उमरेड-कामठीच्या खाणी या पट्ट्यात, आणि तुकड्यावर विदर्भ कोरा! कामठी-सिलेवाड्याच्या वालुकाश्मातून या पानांचे ठसे मिशनरी स्टीफन हिस्लॉपने 1850 च्या दशकातच गोळा केले होते. सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज त्याच्याच नावाचं आहे. आमच्या शाळेच्या कपाटात असाच एक ठसा आहे. विटकरी रंगाचा दगड, त्यावर जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक शिरांची जाळी. तिरप्या उजेडात धरला की जाळीचा एकेक डोळा मोजता येतो. मी हिरवा मार्कर घेऊन पट्टा वर आणला, हा ठसा पटाशेजारी ठेवला आणि मग दक्षिण ध्रुवावर गेलेल्या ब्रिटिश संशोधक स्कॉटच्या तुकडीची हकिगत सांगितली. फेब्रुवारी 1912, म्हणजे वेगेनरच्या भाषणानंतर महिनाभराने, दक्षिण ध्रुवावरून परतताना त्यांनी बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे 16 किलो दगड गोळा केले आणि मरेपर्यंत ते टाकले नाहीत. त्यांत हेच पान होतं.

दुसरी दुरुस्ती हिमनदीची. तुकड्यांवर बर्फाच्या प्रवाहाचे पांढरे बाण आहेत. खंड जोडले की ते दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने बाहेर फाकतात. भारतावर एकही बाण नाही. खरं तर चंद्रपूरकडे इरई इथे, पैनगंगेच्या पात्रात, तालचीर काळातल्या, म्हणजे कोळशाच्या थरांच्या आधीच्या, हिमनदीने चुनखडकावर ओढलेले ओरखडे आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून वर्गाला हे आधी पटतच नाही. पट पुन्हा 25 कोटींच्या नकाशावर नेऊन भारत अंटार्क्टिकाशेजारी ठेवला की पटतं.

रियुनियन या हिंदी महासागरातल्या ज्वालामुखी बेटाच्या जागी, जिथे खालून लाव्हा वर येतो तिथे, दिलेला लाल ठिपका मात्र मला फार आवडला. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकवताना पश्चिम भाग त्या ठिपक्याच्या आसपास येतो तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्ह्याच्या वेळी. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची आहे. नागपूरच्या पश्चिमेला हा बेसाल्ट आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस हा रूपांतरित खडक, म्हणजे लाव्ह्याची कड आमच्या शहरातूनच जाते. भारत तेव्हा वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास वेगाने सरकत होता, आता 5 सेंटिमीटरच्या आसपास. मादागास्करही नेमका बसवलाय, आफ्रिका आणि भारताच्या मध्ये.

चुंबक कमकुवत आहेत, पट उभा धरला की ऑस्ट्रेलिया घसरतो. टेबलावर आडवाच ठेवा. श्रीलंकेचा तुकडा नखाएवढा आहे आणि माझ्या खोक्यात तो नव्हताच. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरं खोकं उघडून दिला. त्यामुळे पैसे देण्याआधी काउंटरवरच तुकडे मोजून घ्या आणि येताना एक पक्का हिरवा मार्करही घ्या.