अल्ट्रासोनिक पाणी मीटर : कोल्हापूरच्या नळाला कितपत चालतो?

जुना फिरत्या चाकाचा मीटर काढून त्या जागी अल्ट्रासोनिक मीटर बसवावा का, हा प्रश्न कोल्हापुरातल्या घरमालकांना आणि अपार्टमेंटच्या कमिट्यांना आता पडू लागला आहे. उद्या महापालिका संपूर्ण शहरासाठी मीटर घ्यायला निघेल तेव्हा तिच्यापुढेही तोच असेल. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या १५ मिलिमीटरच्या जोडणीवर आम्ही जुना मीटर तसाच ठेवून नवा त्याच्या पुढे, मध्ये पुरेशी सरळ पाइप सोडून, बसवून घेतला. तेच पाणी दोन्ही मीटरांतून जात असल्यामुळे तुलना सोपी झाली आणि माझे मत त्या तुलनेवरच बेतलेले आहे.

पाणी पूर्ण दाबाने येत असताना दोन्ही मीटरांच्या आकड्यांत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. खरा फरक दिसतो तो टाकी भरत आल्यावर. बॉल कॉक वर उचलला जातो, पाण्याची धार बारीक होत जाते आणि एका क्षणी जुन्या मीटरच्या काचेखालचे लहानसे चांदणीसारखे चाक थबकते. त्याच वेळी नव्या मीटरच्या पडद्यावर लिटरचा शेवटचा आकडा सावकाश का होईना, पुढे सरकत असतो. याचे कारण जुन्या मीटरच्या घडणीतच आहे. आयएस ७७९ या भारतीय मानकानुसार १५ मिलिमीटरच्या, ताशी दीड घनमीटर क्षमतेच्या ‘ब’ वर्गाच्या मीटरकडून अचूकतेची अपेक्षा ताशी ३० लिटरपासून पुढेच धरली जाते. ताशी ३० ते १२० लिटरच्या दरम्यान ५ टक्के आणि त्यावर २ टक्के चूक मान्य असते. ३० लिटरच्या खालच्या प्रवाहाची नोंद होईलच, याची हमी कोणी देत नाही. अल्ट्रासोनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. ध्वनिलहरींना प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने जायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजून तो पाण्याचा हिशेब करतो. त्यामुळे आर २५० श्रेणीचा (म्हणजे आपल्या क्षमतेच्या २५० व्या भागाइतका बारीक प्रवाहही मोजणारा), ताशी अडीच घनमीटरचा मीटर ताशी १० लिटरपर्यंतचा प्रवाह पकडतो.

हा फरक किरकोळ वाटू शकतो, पण शहराच्या पातळीवर तो तसा राहत नाही. पुरवठा चोवीस तासांचा झाला आणि एखाद्या घरात ताशी २० लिटर पाणी गळत राहिले, तर दिवसाला ४८० लिटर वाया जातात. माणशी १३५ लिटर हा नेहमीचा निकष धरला, तर तीन माणसांच्या वाट्याहून हे पाणी जास्त आहे. काळम्मावाडी धरणाचे पाणी पन्नास किलोमीटरहून लांबच्या थेट पाइपलाइनने २०२३ च्या दिवाळीत शहरात आले. त्यासाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षे वाट पाहिली, हे येथे कोणालाच सांगायला नको. एवढ्या लांबून आणलेले पाणी शेवटच्या दहा फुटांत मोजणीतून निसटावे, हे मला मनापासून खटकते.

ग्राहकाच्या बाजूनेही नव्या मीटरचा एक मोठा फायदा आहे. चावी सोडल्यावर पाण्याच्या आधी पाइपमधली हवा बाहेर पडते, आणि नळाला थेंब येण्यापूर्वीच जुन्या मीटरचे चाक गरगरू लागते. आमच्याकडचा नवा मीटर पाइप रिकामी असताना मोजणी थांबवतो. उंचावरच्या आणि पाइपलाइनच्या टोकाच्या उपनगरांत, जिथे पाइप रोज रिकामी होते, तिथे केवळ एवढ्या कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे.

दोष मात्र आहेत. बॅटरी सीलबंद असल्यामुळे ती संपली की बहुतेक वेळा पूर्ण मीटरच बदलावा लागतो. जुना मीटर ओळखीचा प्लंबर खोलून, जाळी साफ करून पुन्हा बसवून देतो, तशी सोय येथे नाही. अंधाऱ्या चेंबरमध्ये पडद्यावरचे आकडे टॉर्चशिवाय वाचता येत नाहीत. रेडिओवरून रीडिंग घेण्याची सुविधा चांगली आहे, पण ते गोळा करणारे उपकरण आणि माणूस नसेल तर त्या सुविधेचे पैसे फुकट जातात. किंमत तर जुन्या मीटरच्या काही पट आहे.

म्हणून एखाद्या घराने लगेच खर्च करावा, असे मी म्हणणार नाही. महापालिकेने मात्र यंत्रसामग्रीचा विचार करताना घरगुती मीटरांच्या आधी उंच टाक्यांच्या निर्गम पाइपांवर आणि विभागांच्या तोंडाशी मोठे मीटर बसवावेत. विभागात किती पाणी शिरले हे कळल्याशिवाय घरांच्या रीडिंगची बेरीज गळतीबद्दल काहीच सांगत नाही. त्याबरोबरच मीटर तपासणीचे यंत्र (टेस्ट बेंच) आणि जमिनीखालची गळती ऐकून शोधणारी उपकरणे घेतली, तर खरेदीला अर्थ येईल.

ज्यांना मीटर घ्यायचाच आहे, त्यांनी आयपी ६८ दर्जा (धूळ आत न जाण्याचा आणि पाण्यात बुडूनही टिकण्याचा) आणि त्या विशिष्ट मीटरच्या क्रमांकाचे चाचणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ मध्ये नदीचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. शाहूपुरीसारख्या भागात रस्त्यालगतचे चेंबर पाण्याखाली जाणार हे गृहीत धरूनच मीटर निवडावा, आणि शक्य असेल तर तो चेंबरऐवजी भिंतीवर, जोत्याच्या वर बसवून घ्यावा.