सभासदत्वाचे ५,०००, अंकाचे ३,६०० आणि दोन पावत्या

माझा शोधनिबंध छापतो म्हणून एका परिषदेनं पैसे घेताना सांगितलं, परिषद आणि पत्रिका एकच. पैसे परत मागितले तेव्हा परिषद म्हणाली, वर्गणी पत्रिकेच्या प्रकाशनाकडे गेली, त्यांना विचारा. प्रकाशन म्हणालं, सभासदत्वाशी आमचा काय संबंध? या दोन दारांमध्ये मी सात महिने फिरले. प्राध्यापक मंडळींनी, विशेषतः मार्गदर्शक मान्यतेसाठी धावपळ करणाऱ्यांनी, हे वाचाच.

मी इतिहास शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे सहाय्यक प्राध्यापकाला पीएच.डी.चा मार्गदर्शक व्हायचं तर तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या पत्रिकांत किमान तीन शोधनिबंध लागतात. माझे दोन होते. तिसरा तयार होता. पुण्याच्या पुराभिलेखागारात उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून वाचलेल्या मोडी कागदांवरचा, सहा वर्षांच्या कामाचा.

ऑगस्ट २०२३ मध्ये फोन आला. बोलणारा माणूस अतिशय अदबीनं, "मॅडम, आपलं चर्चासत्रातलं भाषण ऐकलंय" असं म्हणत. त्याचं म्हणणं, परिषदेचं मुखपत्र केअर यादीत, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या पत्रिकांच्या यादीत आहे, पण त्यात फक्त सभासदांचेच निबंध घेतात. आजीव सभासदत्व ५,००० रुपये. सभासदाला पत्रिकेची पाच वर्षांची वर्गणी बंधनकारक, ३,६००. निबंध स्वीकारला की प्रक्रिया शुल्क २,५००. छापील अंक रजिस्टर टपालानं हवा तर ६००. एकूण ११,७००.

मला यात वावगं वाटलं नाही, आणि आजही मी म्हणेन की त्यात मूर्खपणा नव्हता. संस्था आणि तिचं नियतकालिक ही जोडी आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, तिची पत्रिका आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, त्याचं त्रैमासिक आहे. सभासद व्हायचं आणि अंक घरी यायचा, हे आम्ही आमच्या गुरुजनांच्या कपाटांत पाहत आलो. आणि मी यादी तपासली होती. पत्रिकेचं नाव यादीत होतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा क्रमांक, जुळत होता. आणखी काय करायचं होतं मी?

करायला हवं होतं, ते असं. ती पत्रिका खरी होती, पण या परिषदेची नव्हती. कुणीतरी खऱ्या पत्रिकेचं नाव आणि क्रमांक उचलून दुसरं संकेतस्थळ उभं केलं होतं. नाव जुळतं म्हणून थांबू नका. त्या पत्रिकेच्या जुन्या छापील अंकावर संपादकांचा जो पत्ता आहे, तिथे फोन करा. मी केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, सगळं संपल्यावर. संपादक वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "बाई, या महिन्यातला हा चौथा फोन."

पण ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण वेगळाच. पैसे भरताना क्यूआर कोड स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं एका माणसाचं. परिषदेचं नाही. पत्रिकेचंही नाही. माझा अंगठा थांबला होता. मी फोन करून विचारलंही. उत्तर तयार होतं: "मॅडम, लेखापरीक्षण सुरू आहे, म्हणून तात्पुरतं खजिनदारांचं खातं." आणि मी पिन टाकला. रोज रात्री मला तो पडदा आठवतो. त्यानंतर पावत्या आल्या त्याही दोन, वेगवेगळ्या नावांच्या, एकीवरही नोंदणी क्रमांक नाही. तेव्हाही मी गप्प बसले, कारण निबंध दहा दिवसांत "तज्ज्ञांनी स्वीकारला" होता. इतिहासाचा निबंध दहा दिवसांत कोण वाचतो?

संस्थेचे पैसे व्यक्तीच्या खात्यात कधीही भरू नका. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीचा, उतारा मागा. खऱ्या संस्थेला तो दाखवायला लाज वाटत नाही.

डिसेंबरमध्ये अंक आला. चारशेच्या वर पानं. माझ्या मोडी कागदांच्या शेजारी खतांच्या दरांवरचा लेख, पुढे योगासनं. विद्यापीठाच्या छाननीत निबंध बाद झाला. तोवर माझ्या शब्दावर विभागातल्या दोघांनी प्रत्येकी ८,६०० भरले होते. एक सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दुसरी मुलगी तासिका तत्त्वावर आहे. तिचे पैसे मी माझ्या खिशातून दिले.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा, "तुम्ही स्वतःच पाठवले ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा, हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर, फोन केला तर उशीर झालेला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते अडवता येतात, पाच महिन्यांनी काय अडवणार? तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. धर्मादाय कार्यालयात सांगितलं, संस्था नोंदलेली नसेल तर आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे नोंदणी केलेल्यानं फसवलं तर चौकशी होणार, नोंदणीच न केलेला मोकळा! विद्यापीठात म्हणाले, यादी आमची नाही. यूजीसीला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीच बंद केली. आता पत्रिका पारखायची जबाबदारी आमच्यावर आणि महाविद्यालयांवर. ज्यांनी आम्हाला निबंध मोजायला लावले, त्यांनी हात झटकले.

आयएसएसएन दाखवून कुणी भुलवू लागलं तर लक्षात ठेवा, तो नुसता ओळखक्रमांक आहे. भारतात तो फुकट मिळतो आणि त्यातून दर्जा कळत नाही. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की तो कोणत्या शीर्षकाचा आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि "सभासद झाल्याशिवाय निबंध नाही, वर्गणीशिवाय सभासदत्व नाही" अशी साखळी कुणी घातली की परिषद आणि पत्रिका यांचा एकमेकींशी संबंध काय, हे संस्थेच्या शिक्क्यासह लेखी मागा. मी फोनवरच्या शब्दावर राहिले.

गेल्या महिन्यात तोच निबंध एका चांगल्या त्रैमासिकाला द्यायचं ठरवलं. त्यांच्या अर्जात पहिलंच वाक्य आहे: सदर लेख यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेला नाही. अर्ज टेबलावर पडून आहे. सही करता येत नाही.