नवा ड्रायव्हर, आठ महिने आणि साडेतीन हजार चेंडू

गेल्या नोव्हेंबरात गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, घेतला. आता जुलै चालू आहे. या आठ महिन्यांत त्याने साडेतीन हजारांच्या आसपास चेंडू मारले असतील. त्यातले बहुतेक सोलापुरात होटगी रोडच्या आमच्या रानात, काही घरामागच्या जाळीत, आणि महिन्यातून एकदा पुण्याला येरवड्याच्या कोर्सवर, मेहुण्यांचा पाहुणा म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या जातीच्या सगळ्याच ड्रायव्हरना लागू पडतं. 460 सीसीचं डोकं, कार्बनचा माथा, टायटॅनियमचा फेस (चेंडूला लागणारी बाजू), मागे वजन, 10.5 अंशांचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, आणि तो कमी-जास्त करायची सोय. किंमत 52 हजार.

आधीचा ड्रायव्हर सेकंडहँड होता. 9 अंशांचा, कडक शाफ्टचा (दांड्याचा), दहा-बारा वर्षांपूर्वीचा. त्याने माझा चेंडू निघायचा सरळ आणि शेवटी उजवीकडे वळून झाडीत जायचा. स्लाइस म्हणतात तो हाच. नव्याची जाहिरात ‘जास्त लांब, जास्त सरळ’ अशी होती. यातल्या ‘लांब’बद्दल आधी बोलतो, कारण पैसे त्याच शब्दावर जातात.

फेस किती उसळवायचा याला नियमाची मर्यादा आहे. चाचणीतला लंबक फेसला टेकून राहण्याचा काळ 239 मायक्रोसेकंद, त्यावर 18 ची सूट. चांगल्या कंपन्या कित्येक वर्षांपासून या मर्यादेला जाऊन टेकल्या आहेत. म्हणजे अगदी मधोमध बसलेला चेंडू जुन्या ड्रायव्हरने आणि नव्याने जवळपास सारखाच जातो. आमच्या रानात मारायच्या जागेपासून विहीर बरोबर 200 यार्डांवर आहे, लेझरने मोजली आहे. ज्वारी निघाल्यावर रान मोकळं झालं तेव्हा पुतण्याला बांधावर उभं करून दोन्ही ड्रायव्हरने तीस-तीस चेंडू मारले. दोन्हींचा सगळ्यात लांब गेलेला चेंडू विहिरीच्या थोडा अलीकडे, एकमेकांपासून सात-आठ पावलांवर पडला. फरक दिसला तो वाईट चेंडूंत. जुन्याचे वाईट चेंडू दीडशेवर लोळत होते, नव्याचे पावणेदोनशेच्या पुढे.

याचं कारण एमओआय, म्हणजे डोकं पिळवटायला किती विरोध करतं ते. कावडीसारखं समजा. दोन घागरी दांडीच्या टोकांना बांधल्या तर कावड गर्रकन फिरवता येत नाही, त्याच घागरी मधे आणल्या की सहज फिरते. ड्रायव्हरचं वजन कडेला आणि मागे ढकललं की चेंडू टोच्या (फेसच्या पुढच्या टोकाच्या) किंवा हीलच्या (शाफ्टकडच्या) बाजूला लागला तरी डोकं कमी पिळवटतं, त्यामुळे चेंडूचा वेग कमी मरतो. यालाही मर्यादा आहे, 5900 ग्रॅम-चौरस सेंटीमीटर आणि वर 100 ची सूट. मग 2024 साली पिंग आणि टेलरमेडने ‘10के’ म्हणून ड्रायव्हर आणले, ते 10,000 कुठून आले? ती बेरीज आहे. डोकं डावी-उजवीकडे पिळवटण्याचा आकडा आणि वर-खाली झुकण्याचा आकडा, दोन्ही मिळवून. नियमाची मर्यादा पहिल्यालाच आहे. दुकानात हा आकडा ऐकून दिपून जाऊ नका, पण तो खोटाही नाही.

आता सरळपणा. पहिले दोन महिने माझा स्लाइस जसाच्या तसा होता आणि मी मनातून खचलो होतो. घरामागे जाळी लावली आहे, तिच्या मागे फूटभर अंतरावर कारखान्यातली सेकंडची जाड चादर टांगली आहे. चेंडू चादरीत धप्पकन बसतो आणि तिथेच खाली पडतो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका संध्याकाळी चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने निळा ठिपका काढला, तो फेसकडे करून टीवर, म्हणजे चेंडूच्या खुंटीवर, ठेवला आणि मारला. फेसवर ठिपक्याचा ठसा उमटतो. पुसायचा, परत मारायचा. वीस चेंडूंचे ठसे कागदावर उतरवून घेतले. मधल्या रुपयाएवढ्या जागेत तीन. बाकी सतराच्या सतरा हीलच्या बाजूला, आणि त्यातले निम्मे खालच्या कडेशी.

तिथे माझं कोडं सुटलं. आमच्याकडे यंत्रमागावर दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात. एक इकडे फिरलं की दुसरं उलटं. ड्रायव्हरचा फेस आणि चेंडू क्षणभर तसेच वागतात. हीलला लागलं की डोकं एका बाजूला फिरतं, चेंडू उलट फिरकी घेतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू आणखी उजवीकडे वळतो. टोच्या बाजूला लागलं की डावीकडे. फेस किंचित फुगीर ठेवतात तो याचसाठी, की चेंडू आधी थोडा बाहेर निघावा आणि वळून आत यावा. म्हणजे माझ्या स्लाइसमध्ये हीलचा वाटा होता. नव्या ड्रायव्हरने तो थोडा कमी केला असेल, पण वीसपैकी सतरा चेंडू हीलला मारल्यावर तो तरी किती सावरणार?

शाफ्ट 45.75 इंचांचा आहे, जुन्यापेक्षा लांब. मी ग्रिप एक इंच खाली धरली आणि अर्धं पाऊल मागे उभा राहिलो. दोन आठवड्यांत ठसे मधे सरकले. वेग थोडा गेला असेल, पण विहिरीच्या आसपास पडणाऱ्या चेंडूंची संख्या वाढली.

राहिलेला दोष येरवड्याला काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीने चौथ्या होलवर सांगितला, “साहेब, फेस उघडा राहतोय, डावा हात जरा वर फिरवून धरा.” चेंडू निघतो मुख्यतः फेस बघत असेल त्या दिशेला आणि वळतो फेस व स्विंगची वाट यांच्यातल्या फरकाने. त्यावर एमओआयचा काही इलाज नाही. हे एखाद्या तरी विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवं. मी घेतला त्या दुकानात तर स्विंगचा वेगही न मोजता कडक शाफ्ट हातात दिला होता, याचा मला अजून राग आहे.

फेब्रुवारीत पुण्यात सिम्युलेटरवर मोजून घेतलं. वेग ताशी 88 मैल. या वेगाला कडक शाफ्ट नको होता, मग रेग्युलर बसवला, वरचे पैसे गेले. लॉफ्ट एक अंशाने वाढवला. बॉल निघण्याचा कोन 9 वरून 13 अंशांवर आला आणि हवेतलं अंतर 178 यार्डांवरून 195 वर. लॉफ्ट वाढवला की अंतर कमी होतं असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या माणसाचं उलट होतं. शिवाय चेंडूला दोन वेगळ्या फिरक्या नसतात, एकच असते आणि तिचा आस कलतो. लॉफ्टमुळे मागची फिरकी वाढली की तोच दोष आसाला कमी कलवतो, म्हणून वळणही कमी. आणि या सोयीने लॉफ्ट वाढवला की फेस जमिनीवर टेकताना जरा बंद बसतो, तेही स्लाइसवाल्याच्या फायद्याचं. पाना ‘टक्’ वाजेपर्यंत आवळा, आणि फेरी सुरू झाल्यावर हात लावू नका, नियमात बसत नाही.

आवाज मला आवडला नाही. जुन्याची टणक किण्ण गेली, हा ठक्क वाजतो. माथ्यावर दोन ओरखडे आहेत, चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागून उडाला तेव्हाचे.

सोलापुरातल्या माणसासाठी दोन गोष्टी खास. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवू नका. शाफ्टचं टोक जोडणीत धरून ठेवणारा गोंद उष्णतेने ढिला पडू शकतो. मी घरात, कोठीच्या खोलीत ठेवतो. दुसरं, त्या दिवसांत हवा विरळ झाल्याने चेंडू आपोआप थोडा पुढे जातो, त्यावरून ड्रायव्हरची परीक्षा करू नका. आमच्या काळ्या रानाला तेव्हा भेगा पडलेल्या असतात, टी आत जात नाही. मी जाड खिळ्याने आधी भोक पाडतो. टी उंच हवी, चेंडू निम्मा माथ्याच्या वर दिसला पाहिजे. माझे खालच्या कडेला लागणारे चेंडू एवढ्यानेच थांबले.

ज्याचे ठसे माझ्यासारखे मधे न पडता कडेला जातात त्याने हा जरूर घ्यावा, पण आधी वेग मोजून. ज्याचे ठसे मधेच पडतात त्याने जुनाच ठेवावा आणि शाफ्ट-लॉफ्टवर थोडे पैसे घालावेत. जूनच्या फेरीत मी 12 वेळा ड्रायव्हर मारला, 7 चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर होते. नोव्हेंबरात जुन्याने 3 होते. आता रानात तूर पेरली आहे, तेव्हा ती निघेपर्यंत पुन्हा जाळी आणि चादर. मार्करची नवी पेटी आणली आहे.