आकडे वाचत पोल्डरमधून : किंडरडाइक ते गाउडा सायकलमार्गाचे परीक्षण

नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे पाहुणे आले की ट्युलिपच्या बागा, ॲम्स्टरडॅमचे कालवे आणि फार तर एखादे संग्रहालय एवढ्यावर भटकंती आटोपते. या देशाने सामान्य माणसासाठी केलेली एक अतिशय उपयोगी सोय त्यात पाहायची राहून जाते. खेड्यापाड्यांतून, कुरणांतून आणि बांधांवरून जाणारे क्रमांकित सायकलमार्गांचे जाळे ही ती सोय असून तिला पैसे पडत नाहीत, नोंदणी लागत नाही आणि डच भाषा यावी लागत नाही. रॉटरडॅमजवळच्या किंडरडाइकपासून गाउडापर्यंत पोल्डरमधून, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेल्या सखल जमिनीतून, जाणाऱ्या साधारण ४० किलोमीटरच्या वाटेवर ही व्यवस्था कशी चालते आणि कुठे कमी पडते, ते इथे मांडत आहे.

जिथे सायकलचे मार्ग एकमेकांना मिळतात अशा प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक दिलेला असतो. डच लोक त्याला ‘क्नोपपुंट’ म्हणतात. तिथे परिसराचा नकाशा आणि पुढच्या क्रमांकांकडे नेणारे बाण असतात, आणि मधल्या वळणांवर हिरवा आकडा व बाण असलेली छोटी पांढरी पाटी असते. घरून निघताना ॲपवर मार्ग आखायचा आणि आकडे क्रमाने एका चिठ्ठीवर उतरवून ती हँडलवर चिकटवायची, की दिवसभर मोबाईल खिशातून काढावा लागत नाही. सायकल चालवताना मोबाईल हातात धरणे तिथे जुलै २०१९ पासून दंडनीय असल्यामुळे ही चिठ्ठी कायद्याच्या दृष्टीनेही सोयीची आहे. ही कल्पना ह्यूगो बॉलेन या बेल्जियन खाण-अभियंत्याची. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर त्या भागाला पर्यटनाचा नवा आधार हवा होता, आणि १९९५ मध्ये तिथे असे पहिले जाळे सुरू झाले. पुढे ते नेदरलँड्सभर पसरले. क्रमांक दोनच अंकी असल्यामुळे तोच आकडा दुसऱ्या भागात पुन्हा भेटतो, पण पाट्या पुढच्याच चौकाकडे नेत असल्याने प्रत्यक्षात घोटाळा होत नाही.

अनेक भागांत स्वयंसेवक हे मार्ग फिरून पाट्या तपासतात, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे मोठेपण तिथेच आहे. पाटी लावणे कोणालाही जमते; ती झाडीत दडली, वाकली किंवा कोणी फिरवून ठेवली तर ती पुन्हा नीट करणारे हात असावे लागतात. एक उणीव मात्र जाणवली. बांधाच्या मजबुतीकरणाचे काम चालू असताना वाहतूक पिवळ्या फलकांनी दुसरीकडे वळवली जाते आणि त्या वळशात आपले हिरवे आकडे एकदम नाहीसे होतात. अशा वेळी सोबत नकाशा नसेल तर माणूस गोंधळतो, म्हणून निघण्यापूर्वी तो मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा.

हे मार्ग ‘वाहनमुक्त’ म्हणून सांगितले जातात, त्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल दिसली की मोटारींना मज्जाव असतो, पण हलक्या स्कूटर तिथे येऊ शकतात आणि काही मार्गांवर मोपेडनाही परवानगी असते. बराचसा भाग आपल्याकडच्या पाणंदीसारख्या अरुंद शेतरस्त्यांवरून जातो, जिथे गवताचे भारे वाहणारा ट्रॅक्टर किंवा दुधाचा टँकर कधीमधी समोर येतो आणि चालक बहुधा वेग कमी करून वाट देतो. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर आपण थांबायचे, एवढा एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवावा. सायकलवाल्यांचा देश असला तरी गावाबाहेरच्या गोल चौकांत सायकलला सहसा आधी जाण्याचा हक्क नसतो.

या प्रदेशात चढ नाहीत, पण वारा आहे, आणि तो बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. गाउडाहून किंडरडाइककडे निघाल्यास तो तोंडावर बसतो. म्हणून मी उलट दिशेची शिफारस करतो : सकाळी रॉटरडॅमहून सायकलीसह वॉटरबसने किंडरडाइक गाठावे आणि तिथून पूर्वेकडे निघावे. यात दुसरा फायदा असा की पर्यटकांच्या बस येण्याआधी पवनचक्क्यांमधली वाट मोकळी मिळते. इथल्या १९ पवनचक्क्यांपैकी बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या आहेत आणि १९९७ पासून त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटेला तिकीट नाही. चक्कीच्या आत जायचे असेल तरच ते लागते. या चक्क्या धान्य दळण्यासाठी नसून सखल जमिनीतले पाणी उपसण्यासाठी बांधल्या गेल्या, हे तिथे उभे राहिल्यावर पटते. दलदलीचे पाणी काढले की खालची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती आक्रसते, हवेशी संयोग होऊन कुजते आणि जमीन आणखी खचते. मग आणखी पाणी काढावे लागते. शतकानुशतके हे चालू राहिल्यामुळे लेक नदी आज शेतांच्या वरून वाहते. बांधावर सायकल थांबवून एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला कुरणे पाहिली, की पाण्याची पातळी गायींच्या पाठीपेक्षा उंच असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

पुढे नदीच्या बांधावरून जावे की आतल्या पोल्डरमधून, असा पर्याय असतो. बांधावरून दृश्य उत्तम दिसते, परंतु उन्हाळ्यातल्या रविवारी तिथे मोटारसायकलींचे ताफे आणि शर्यतीच्या सायकलींचे घोळके इतके असतात की मुलांना घेऊन जाणे मनाला पटत नाही. आतली वाट संथ आहे. लांबच लांब सरळ पट्ट्यांची कुरणे, दोन पट्ट्यांमध्ये काठोकाठ भरलेला चर, ग्रोट-आमर्सजवळ पुन्हा काही पवनचक्क्या, आणि वसंत ऋतूत ओल्या गवतात घरटी करणारा लांब चोचीचा ग्रुटो. हा नेदरलँड्सचा राष्ट्रीय पक्षी आहे. उजनीच्या पाणथळीवर हिवाळ्यात मालगुजा पाहिलेल्यांना तो लगेच ओळखता येईल, कारण दोन्ही एकाच जातीचे आहेत. फक्त इथले पक्षी हिवाळ्यात आफ्रिका आणि स्पेन-पोर्तुगालकडे जातात.

न्यूपोर्ट या तटबंदीच्या लहानशा गावात अवश्य थांबावे. इथली १६९७ सालची नगरपालिकेची इमारत चक्क एका जलद्वारावर बांधलेली आहे. शत्रू चालून आला तर हे दार उघडून भोवतालचा प्रदेश पाण्याखाली घालायचा, अशी ती संरक्षणाची योजना होती. तिथून फेरीबोटीने लेक ओलांडून स्कोनहोव्हन या चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी उतरता येते. सायकलस्वाराचे भाडे अगदी किरकोळ आहे.

स्कोनहोव्हन ते हास्ट्रेख्त हा व्हलिस्ट नदीकाठचा टप्पा संपूर्ण मार्गातला सर्वांत सुंदर आहे. नदी म्हणायची ती पद्धत, रुंदीने ती आपल्या पाटाएवढीच भरेल. काठावरच्या विलोच्या झाडांचा, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भाऊबंदांचा, माथा दर काही वर्षांनी छाटत असल्यामुळे खोडाच्या टोकाला गाठाळ मूठ तयार झालेली असते आणि तिच्यातून सरळ फोक फुटलेले असतात. या टप्प्यात घरोघरी चीज करणारी शेते लागतात, काही ठिकाणी फाटकापाशी कपाटात अंडी आणि चीज ठेवून शेजारी पैशांची पेटी असते. शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत : ब्रेड, चीज, सफरचंदाचा केक आणि ‘कार्नेमेल्क’, म्हणजे घट्ट आंबट ताक, सगळीकडे मिळते. स्वच्छतागृहे मात्र विरळ आहेत. काही शेतकऱ्यांनी अंगणात ‘रुस्टपुंट’ नावाने विसाव्याची सोय केली आहे, तिथे स्वतः कॉफी घेता येते आणि स्वच्छतागृह वापरता येते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ही ठिकाणे आधीच नकाशावर खुणावून ठेवावीत.

सायकल भाड्याने घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. डच सायकली उंच असतात, त्यामुळे दुकानदाराकडे लहान फ्रेम स्पष्टपणे मागावी आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात ना, हे पाहूनच निघावे. शिवाय अनेक सायकलींना मागचा ब्रेक हँडलवर नसतो, पॅडल उलटे दाबून तो लावावा लागतो. आपल्या सवयीचा हात आपोआप पुढच्या ब्रेककडे जातो आणि झटका बसतो, म्हणून रस्त्याला लागण्यापूर्वी मोकळ्या जागेत पाच-दहा मिनिटे सराव करावा. गुडघेदुखी असलेल्यांनी विजेवर चालणारी सायकल निःसंकोच घ्यावी. या मार्गावर साठी-सत्तरीच्या डच जोडप्यांकडेही बहुधा तीच दिसते.

ज्यांना संपूर्ण अंतर झेपणार नाही त्यांनी गाउडाहून हास्ट्रेख्तमार्गे व्हलिस्टपर्यंत जाऊन परत यावे, त्यात या प्रदेशाचे उत्तम दर्शन घडते. परतीला गाउडा स्थानकावरून रेल्वे घेताना सायकलसाठी वेगळे तिकीट काढावे लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळात ती गाडीत चढवता येत नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये हे बंधन शिथिल असते. इतर महिन्यांत शनिवार किंवा रविवार निवडावा, आणि रविवार असेल तर बांध टाळून आतल्या पोल्डरचे आकडे चिठ्ठीवर लिहावेत.